होडीचा स्लॅब गळतो तेव्हा

कोल्हापुरात शिडाची होडी आहे म्हटलं की लोक आधी हसतात, मग रंकाळ्याचं नाव काढतात आणि शेवटी गाडी पुरावर येते. ‘पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्यापुढं तुमची होडी,’ असं गल्लीतल्या एका काकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. मी गप्प बसलो. होडी तेव्हा उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपच्या मागं, लाकडी ओंडक्यांवर उभी होती आणि तिच्या पोटात तीन बादल्या पाणी होतं. नदीचं नाही, पावसाचं. वरनं आलेलं पाणी जिला थोपवता येत नाही ती पुरात काय करणार, असं काकांनी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

होडी १७ फुटी, फायबरग्लासची. पुढच्या निम्म्या भागात बुटकी केबिन, बसता येतं, उभं राहता येत नाही. आत दोन बाक, बाकांखाली कप्पे, दोन्ही अंगांना दोन-दोन खिडक्या. मालवणकडच्या एका गृहस्थांकडून जुनीच घेतली. हिवाळ्यात ती किनाऱ्यावर असते, पावसाळ्याआधी टेम्पोवर घालून फोंडा घाटानं वर आणतो. दाजीपूर-राधानगरीच्या रस्त्यानं, जिथं गवे आडवे जातात तिथनं, डोलकाठी बांधलेली होडी चाललेली बघून एसटीतले लोक खिडकीतनं वाकून बघतात. किनाऱ्यावरच का ठेवत नाही, असं पुष्कळजण विचारतात. माझी हत्यारं इथं आहेत, लेथ इथं आहे, आणि एखादा बोल्ट लागला तर चार पावलांवर बनवून मिळतो. हे सुख मालवणात नाही. समुद्र तिथं आहे, पण टर्नर इथं आहे.

गळतीची गोष्ट सुरू होते ती माझ्या शहाणपणापासून. पहिल्याच वर्षी लक्षात आलं की पाऊस झाला की डाव्या बाकावर थेंब पडतात. बरोबर वर बघितलं तर डेकच्या, म्हणजे होडीवरच्या छताच्या, आतल्या बाजूला एका नटाभोवती ओल दिसली. मी सिलिकॉनची ट्यूब आणली आणि त्या नटावर, त्याच्या शेजारच्या नटावर आणि मग उत्साहात केबिनमधल्या दिसेल त्या प्रत्येक नटावर आतनं सिलिकॉन थापला. थेंब थांबले. बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, झालं काम. ती म्हणाली, “अहो, आपल्या स्लॅबला पण तुम्ही असंच आतनं केमिकल मारलं होतं.” तिकडं मी लक्ष दिलं नाही. द्यायला पाहिजे होतं. कारण त्या स्लॅबचा पोपडा दोन वर्षांनी सळईसकट खाली आला होता.

ऑक्टोबरमध्ये ताडपत्री काढून केबिनचं दार उघडलं आणि वास आला. बंद विहिरीचा येतो तसला. बाक कोरडे होते, पण डेकवर पाय ठेवला की एका जागी मऊ लागत होतं.

त्या होडीचा डेक म्हणजे वर फायबरचा एक पातळ थर, खाली एक, आणि मध्ये प्लायवूड. बिस्किटातलं क्रीम समजा, फक्त क्रीम लाकडाचं. डेकवर जे काही बसवलेलं असतं, दोरी अडकवायचे क्लीट, धरायच्या दांड्या, खिडक्यांच्या चौकटी, त्या प्रत्येकाचा बोल्ट हे तिन्ही थर भेदून केबिनमध्ये येतो आणि आत नटानं आवळलेला असतो. वरचा सील सुटला की पाणी बोल्टाच्या कडेनं उतरतं, पहिल्यांदा प्लायवूडला भेटतं, आणि उरलेलं आत टपकतं. मी काय केलं, तर हे टपकणं बंद केलं. वरची वाट उघडी आणि खालची बंद. म्हणजे गळती थांबलीच नव्हती, मी पाण्याला लाकडात मुक्कामाला ठेवलं होतं.

तो हिवाळा समुद्र बघायला मिळाला नाही. पाडव्याला नारळ फोडला आणि होडी खोलायला घेतली.

पहिलं काम म्हणजे गळती नेमकी कुठनं आहे ते बघायचं, आणि हे खोलायच्या आधी करावं लागतं. थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा यांचा संबंध असेलच असं नाही. डेकखालच्या अस्तराच्या मागनं पाणी चार-चार फूट चालत जातं आणि मग सोयीच्या ठिकाणी खाली येतं. पाइपनं पाणी मारून शोधायची पद्धत आहे. खालनं सुरू करून वर सरकायचं, एकानं आत बसायचं. पण त्याला दिवस जातो आणि आतला माणूस वैतागतो. मेव्हण्यानं दुसरी युक्ती काढली. तो म्हणाला, “दाजी, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतोय, आपण होडीच फुगवूया की.”

चेष्टेत म्हणाला, पण तीच रीत बरोबर निघाली. केबिनच्या दाराला प्लायवूडचा तुकडा बसवला, त्याला भोक पाडून घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा उलट्या बाजूचा, हवा फेकणारा पाइप घातला. बाकी सगळ्या फटी, वरचं झाकण, निचऱ्याच्या नळ्या चिकटपट्टीनं बंद केल्या. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर होता, पण त्याला हात लावायचा नाही हे ठरवलं होतं. इथं दाब नुसता नावाला लागतो, जास्त झाला तर खिडकीच बाहेर यायची. मशीन सुरू करून मी डेकवर ब्रशनं शाम्पूचं पाणी लावत सुटलो. आणि जिथं जिथं पाणी आत जात होतं तिथनं हवा बाहेर यायला लागली. एका क्लीटच्या बुडाशी बारीक फेस, डाव्या पुढच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात मोठे बुडबुडे, डोलकाठीची तार जिला बांधतात त्या उजव्या चेनप्लेटजवळ तर चक्क फुर्र आवाज. ज्या नटावर मी पहिला सिलिकॉन थापला होता त्याच्या वर डेकवर एकही बुडबुडा नव्हता. ते पाणी अडीच फूट पुढच्या दांडीच्या बोल्टातनं येत होतं. अकरा जागा सापडल्या. प्रत्येकीला खडूनं गोल केला आणि नंबर टाकला.

मग आतलं काढायला सुरुवात. ही माणसाची परीक्षा बघणारी गोष्ट आहे. अस्तर होतं फोम लावलेल्या रेक्झिनचं. त्यातला फोम जुना झाला की त्याचं पीठ होतं. ओढलं की बाजरीच्या पिठासारखा भुगा डोळ्यात, नाकात, चहात. दोन दिवस आम्ही दोघं पिवळे होतो.

बाक आणि आतल्या दांड्या सागवानी. त्यांचे स्क्रू दिसत नाहीत, कारण प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच बसवून पॉलिश केलेलं. ते पटाशीनं उकरायला गेलं की कडेचं लाकूड पण निघतं. हे मी एका बुचाची वाट लावून शिकलो. मग आमचे सुतारमामा आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “तुम्ही लोखंडवाल्यांनी लाकडाला हात लावू नये.” त्यांनी बुचाच्या बरोबर मधोमध बारीक भोक पाडलं आणि त्यात एक स्क्रू फिरवत नेला. स्क्रूचं टोक खालच्या जुन्या स्क्रूच्या डोक्याला टेकलं, आणि पुढं जायला जागा नाही म्हणून बूचच स्क्रूवर चढत वर आलं. बासुंदीवरची साय उचलावी तसं. बेचाळीस बुचं त्यांनी चहा पिता-पिता काढली.

स्क्रू मात्र त्यांनी माझ्यावर सोडले, आणि तिथं माझा अनुभव कामाला आला. अडकलेल्या स्क्रूला जोर लावायचा नाही, त्याला गरम करायचं. सोल्डरिंगची तापलेली गन स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरली की भोवतीचा जुना सीलंट सैल पडतो. तरी हलला नाही तर हातोडी मारायचा पेचकस, ज्यात ठोका बसला की टोक थोडं फिरतं. बहुतेक तिथं नमले. पाच-सहा डोकी ड्रिल मारून उडवावी लागली.

इंजिन खोलताना आम्ही जे करतो तेच इथं केलं. जाड पुठ्ठ्यावर प्रत्येक चौकटीचा आकार पेन्सिलनं काढला आणि त्या-त्या भोकाचा बोल्ट पुठ्ठ्यात त्याच जागी खोचला. पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावणारे पुष्कळ बघितलेत. महिन्याभरानं चिठ्ठी निघालेली असते आणि पिशवीत एक नट कमी असतो. पुठ्ठ्यावर रिकामं भोक लगेच दिसतं.

खिडक्यांच्या चौकटी निघेनात. बोल्ट काढले तरी जुना मसाला, म्हणजे सीलंट, चिकटून बसलेला. पात्यानं कापायला गेलो तर जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थराला, ओरखडे. इथं मिरज कामाला आली. मिरजेत सतारी बनतात, आणि आमच्या ओळखीत एकाकडं सतार आहे. त्याच्याकडनं तुटलेली पोलादी तार मागून घेतली, दोन्ही टोकांना लाकडी दांडके बांधले आणि चौकटीच्या मागं घालून करवतीसारखी मागं-पुढं ओढली. मसाला लोण्यासारखा कापला गेला. तार दोनदा तुटली. तिसऱ्यांदा मागितल्यावर त्यानं विचारलं, “कुठला राग चाललाय?”

खिडक्यांच्या बाबतीत मी एक गाढवपणा केला, तो लपवत नाही. एका काचेवर, म्हणजे खरं तर अ‍ॅक्रिलिकवर, मसाल्याचे डाग होते. बाकीचं फायबर मी अ‍ॅसिटोननं पुसत होतो, त्याच फडक्यानं ती पण पुसली. बघता-बघता तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या. अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅसिटोन चालत नाही, थिनर पण नाही. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बास. ती खिडकी गेलीच. बोर्ड बनवणाऱ्याकडं जाऊन नवीन कापून आणली.

आता माझा सिलिकॉन. दुकानात त्याची ट्यूब सगळ्यात पुढं ठेवलेली असते, स्वस्त असते, न्हाणीघराला झकास चालते. पण फायबरवर एकदा लागला की वरनं खरवडला तरी त्याचा अदृश्य तेलकट थर मागं राहतो, आणि त्या थरावर मग रंग धरत नाही, इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून घट्ट होणारा मसाला, धरत नाही, दुसरा सीलंट तर नाहीच. लोक पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतात, ते आणखी वाईट. घासण्यानं सिलिकॉन ओरखड्यांच्या आत भरला जातो. आधी प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचा, मग टर्पेंटाइननं पुसायचा, प्रत्येक वेळी नवीन फडकं, आणि मग पाणी शिंपडून बघायचं. पाणी सपाट पसरलं तर जागा स्वच्छ. अळूच्या पानावर उभे राहतात तसे थेंब उभे राहिले तर पुन्हा पहिल्यापासून. हजारदा शिंपडलं असेल. वीस मिनिटांत थापलेला सिलिकॉन काढायला मला आठ संध्याकाळी लागल्या.

ओलं लाकूड किती लांब गेलंय हे कळायला मेव्हण्यानं आजीची पद्धत वापरली, मडकं वाजवून घ्यायची. डेकवर जुन्या रुपयानं ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक, मोकळा आवाज, कुजलेल्या जागी बद्द. कुठं एक वीत, कुठं चार बोटं. एक जागा मोठी निघाली, तिथला वरचा थर कापून आतलं प्लाय काढून नवीन बसवलं. तो वेगळा विषय आहे, तिकडं जात नाही.

बाकीच्या भोकांसाठी मात्र एक छान पद्धत आहे. भोक थोडं मोठं करायचं. मग अ‍ॅलन कीचा वाकडा तुकडा ड्रिलमध्ये धरून आत फिरवायचा. वरच्या-खालच्या फायबरला धक्का न लागता मधलं लाकूड तेवढं खरवडून निघतं. काळं, ओलं, मशेरीसारखं बाहेर येतं. ते वाळवायचं. एप्रिलचं कोल्हापूर त्यासाठी उत्तम. दिवसा ऊन, रात्री आत एक हॅलोजन. तीन आठवडे काही केलं नाही, नुसतं वाळवलं. या तीन आठवड्यांत येणाऱ्या-जाणाऱ्यानं ‘अजून झालं नाही का’ असं विचारलं.

वाळल्यावर भोकाला खालनं टेप लावायची, आधी नुसती पातळ इपॉक्सी ओतायची, ती लाकडानं प्यायली की मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेली भरायची. वाळली की त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं नवीन भोक. आता बोल्टाच्या भोवती लाकूडच नाही, इपॉक्सीचं कडं आहे. उद्या सील गेला तरी पाणी आत टपकेल, पण प्लायवूडला शिवणार नाही.

इपॉक्सीनं पण एकदा शिकवलं. रोज सकाळी थोडी-थोडी कालवायचो. एक दिवस जेवून आल्यावर दुपारी दोनला, एकदाच होऊन जाऊ दे म्हणून, मोठ्या मगात भरपूर कालवली. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापते. जितकी जास्त एका जागी, तितकी जास्त तापते, आणि वरनं ते ऊन. पाच मिनिटांत मग धरवेना, सातव्या मिनिटाला धूर. मेव्हण्यानं तो अंगणात फेकला. तो दगडासारखा घट्ट झालेला मग अजून आमच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

चेनप्लेटबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण गळती म्हणजे नुसती ओल नाही हे मला तिथं कळलं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ज्या तारा ताणून धरतात, त्या डेकवरच्या एका फटीतनं वर आलेल्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात. त्या पट्ट्या म्हणजे चेनप्लेट. खाली केबिनच्या आडव्या फळीला त्या बोल्टनं बसवलेल्या असतात. वाऱ्याचा सगळा भार त्यांच्यावर. वरनं आणि आतनं बघितलं तर चांदीसारख्या. उजवी बाहेर काढली आणि जो दोन इंच भाग डेकच्या जाडीत लपलेला होता, तिथं तपकिरी डाग आणि बोटाच्या नखाला लागेल एवढी आडवी खाच. आमच्या फाउंड्रीवाल्या मित्रानं लाल डाय आणि पांढरी पावडर मारून दाखवलं, खाच आरपारच्या वाटेवर होती.

स्टेनलेस स्टील गंजत नाही हे अर्धं खरं आहे. त्याच्या अंगावर हवेतल्या ऑक्सिजननं एक पातळ कवच तयार होत असतं, तेच त्याला वाचवतं. ओल्या लाकडात, सीलंटखाली कोंडलेल्या जागी ऑक्सिजन पोचत नाही, कवच पुन्हा बनत नाही, आणि खाऱ्या पाण्यात ते तिथंच खात सुटतं. उघड्यावर भिजलेलं स्टेनलेस टिकतं, झाकलेलं भिजलेलं सडतं. आणि मी तर झाकायच्याच मागं लागलो होतो.

नवीन पट्ट्या ३१६ नंबरच्या स्टेनलेसच्या करायच्या ठरल्या. ३०४ आणि ३१६ दिसायला सारखेच, चुंबकानं पण फरक कळत नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात टिकायचं बळ तेच देतं. भंगारवाला शपथेवर ३१६ म्हणून जी पट्टी देत होता ती आम्ही मित्राच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय-काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर, लावली. मॉलिब्डेनमच्या रकान्यात जवळपास शून्य. दुसरीकडची आणली, ती पण लावली, २.१ आलं. मग कापली, भोकं पाडली आणि पॉलिश करून आरशासारखी केली. गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाला पाय रोवता येत नाही. उद्यमनगरात राहायचा फायदा काय विचारणाऱ्याला मी हाच किस्सा सांगतो.

त्याच पत्र्यातनं सगळ्या क्लीटसाठी आतल्या बाजूला ३ मिलिमीटरच्या आधारपट्ट्या केल्या, कोपरे गोल करून. आधी तिथं दहा पैशाएवढे वॉशर होते. दोरी ताणली की एवढ्याशा वॉशरवर भार येऊन डेक लवायचा, आणि डेक लवला की कितीही भारी सीलंट असला तरी सुटतो. गळतीचं मूळ पुष्कळदा मसाल्यात नसतं, या लवण्यात असतं.

आता कुठला मसाला कुठं. यावर होडीवाल्यांत मिसळीवर होतात तेवढी भांडणं होतात, माझं मत माझ्यापुरतं. पाण्याच्या रेषेखाली, जिथं पुन्हा उघडायचं नाही, तिथं पॉलियुरेथेन. माझ्याकडं तशा निचऱ्याच्या दोनच जागा. तो हवेतल्या दमटपणानं घट्ट होतो, त्यामुळं आमच्या कोरड्या एप्रिलमध्ये वरनं साय धरली तरी आत बरेच दिवस कच्चा होता. आणि तो इतका चिकटतो की काढताना जेलकोट बरोबर घेऊन येतो, म्हणून डेकवर मी त्याला येऊ दिलं नाही. डेकवर, चौकटींना आणि चेनप्लेटला ब्यूटाइलची पट्टी. च्युइंगगमसारखी, कधीच वाळत नाही, म्हणून डेक जरा हलला तरी ती बरोबर हलते. सिलिकॉन कुठंच नाही.

ब्यूटाइल लावायच्या आधी वरच्या भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकनं चेम्फर मारायचा. एवढीशी उतरती कड, पण सगळं गुपित तिच्यात आहे. बोल्टाच्या गळ्याभोवती ब्यूटाइलची वळी गुंडाळली आणि आवळलं की ती त्या खोबणीत दबून बसते, रबरी रिंग बसावी तशी. चेम्फर नसेल तर सगळी बाहेर पिळून निघून जाते.

आवळताना बोल्ट फिरवायचा नाही, नट फिरवायचा. बोल्ट फिरला की सील पिळवटतो. म्हणून दोन माणसं लागतात. मी डेकवर पेचकस घट्ट धरून, मेव्हणा आत पाना घेऊन. बाहेर ३८ अंश, आत किती ते त्यालाच माहीत.

“फिरव.”

“फिरवतोय की.”

“हळू. स्टेनलेसवर स्टेनलेस आहे, ग्रीस लावलंस का? नाहीतर आटे एकमेकांत रुतून बसतील.”

“लावलंय. दाजी, माझंच ग्रीस निघालंय हितं.”

एकदाच करकचून आवळायचं नाही. रोज सकाळी एक पाव फेरा. ब्यूटाइल हळूहळू बाहेर येतं, ते प्लॅस्टिकच्या सुरीनं कापायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाचव्या-सहाव्या दिवशी काही बाहेर येईनासं होतं, तिथं थांबायचं.

आणि आतनं काही लावायचं नाही. नट, वॉशर, आधारपट्टी, सगळं उघडं. उद्या एखादा सील सुटला तर पाणी आत येऊ दे, मला दिसू दे. यावरनं सुतारमामांशी वाद झाला. त्यांना बुचं परत बसवून पहिल्यासारखं पॉलिश मारायचं होतं. “स्क्रू दिसले तर लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, मामा, या केबिनमध्ये लोक येतात कुठं? शेवटी बाकांना त्यांची बुचं, पण नटांवरच्या दांड्यांना आणि अस्तराच्या पट्ट्यांना पितळी कपवॉशर घालून उघडे स्क्रू, असा तह झाला. मामा अजून त्या दांड्यांकडं बघत नाहीत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी जोतिबाच्या डोंगराकडनं काळं आलं. वळीव. पहिली गार पडायला लागल्यावर मी आणि मेव्हणा बॅटरी आणि खडू घेऊन केबिनमध्ये घुसलो आणि दार लावून घेतलं. वर पत्र्यावर कोणी खडी ओततंय असा आवाज. अस्तर अजून बसवलं नव्हतं, सगळे नट डोळ्यासमोर. बॅटरी एकेका आकड्याखालच्या जागेवर नेली. एक कोरडं. दोन कोरडं. पाच नंबर, जिथनं फुर्र आवाज आला होता, ते कोरडं. अकरापर्यंत गेलो. मेव्हणा म्हणाला, “दाजी, आज तांबडा-पांढरा तुमच्याकडनं.” मी व्हय म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या मानेवर थेंब पडला.

वर बघितलं. केबिनच्या झाकणाची बिजागरी. बुडबुड्यांच्या दिवशी तिथं काहीच दिसलं नव्हतं. दिसणार कसं? हवा जाऊ नये म्हणून झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली होती, तीच बिजागरीवरनं गेली होती. मेव्हण्यानं काही न बोलता खडू घेतला, गोल काढला आणि आत बारा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिजागरीचे चार स्क्रू काढले. तीन स्वच्छ निघाले. चौथ्याच्या नटावर माझा जुना सिलिकॉन होता.